अंबर शोधायचा दिवा

ऑक्टोबरात इमारतीचं हीटिंग सुरू झालं
आणि वास उठला.
उन्हाळाभर कुठं दडी मारून बसला होता कोण जाणे.
पाइप टकटकले, तापले,
आणि घरभर ते तिखट, डोळ्यांत जाणारं,
सडक्या कांद्यासारखं... नाही, कांद्यासारखं नाही.
मांजराच्या मुतासारखं. त्याला दुसरी उपमा नाही.

इमान्त्स म्हणाला, पिपार्स.
पेपरातून डोकं वर न काढता.
म्हातारा झालाय तो, म्हणाला,
चौदा वर्षं म्हणजे काय थोडी झाली?
पिपार्सनं ऐकून घेतलं.
तो खिडकीत बसून ट्रामच्या वळणाकडे बघत होता.

शोधायचं कसं? नाक पाच मिनिटांत फितूर होतं.
म्हणून मी दोन मजले उतरायची,
लिएपायाचा वारा छातीत भरून परत यायची.
दारातला पहिला श्वास तेवढा खरा.
एका श्वासाला एक कोपरा.
अकराव्या खेपेला ज़ेल्मानं दार किलकिलं करून विचारलं,
कुणी गेलं का गं?

तिच्याच मुलाकडून हा दिवा आणला.
वादळ झालं की रात्री तो समुद्रावर हिंडतो;
शेवाळात अडकलेले अंबराचे खडे
या जांभळ्या उजेडात चमकतात.
कपाटाखाली काही सापडलं तर अर्धं माझं, म्हणाला, कार्टं.

रात्री सगळे दिवे घालवले, पडदे ओढले,
एकाहत्तराव्या वर्षी रांगत निघाले.
कपाटाच्या पायाशी, वीतभर उंचीवर
एक पिवळट फराटा, खाली ओघळ.
हा पिपार्सचा. कबूल.
लिनोलियमच्या सांध्यातून तो खाली मुरला होता.
मला विचारा; तेवीस वर्षं मी कारखान्यात
हेच सांधे तपासायची.

मग सहज, निव्वळ सहज,
झोपायच्या खोलीत दिवा फिरवला.
तिथं पिपार्सला बंदी आहे. दार कायम लावलेलं.
आणि पलंगाच्या त्याच्या बाजूपासून
थेंब.
एक. मग पावलाएवढं अंतर. मग दोन.
आणि दाराशी, जिथं माणूस
अंधारात कडी चाचपत उभा राहतो, तिथं
बशीएवढं तळं, शांत चमकणारं.

जूनमध्ये मी पिपार्सला पेपरानं मारलं होतं.
रात्रभर बाल्कनीत ठेवलं होतं.
संध्याकाळी सहानंतर इमान्त्स चहा नको म्हणायला लागला, तो जूनच.
काळीच पँट हवी म्हणायला लागला, तोही.

मी दिवा वर केला नाही.
दूध पिणाऱ्या मांजरासारखा
तो पडून होता, डोळे मिटून.
झोपलेल्याचा श्वास असा मोजूनमापून नसतो.

व्हिनेगर, पाणी. जुना टॉवेल टाचेनं दाबून.
मग ते महागाचं औषध, वासाचं मूळ खाणारं;
घासायचं नाही, नुसतं भिजवायचं,
वर प्लॅस्टिक अंथरायचं, दोन दिवस हलवायचं नाही.
बाटलीवर मांजराचं चित्र आहे.
आतल्या द्रवाला वाचता येत नाही.

सकाळी त्यानं विचारलं, सापडलं?
हो, म्हटलं. पिपार्सच.
तो बराच वेळ पावाला लोणी लावत राहिला,
लावलेल्यावर पुन्हा लावत राहिला.
मग कोट चढवून, काठी घेऊन बाजारात गेला
(गुडघ्यामुळे मार्चपासून गेला नव्हता)
आणि धुरावलेला अख्खा मासा घेऊन आला.
खिडकीपाशी बसून
एकेक काटा काढून पिपार्सला भरवत होता.
काहीतरी बोलतही होता, हळू. मी नळ सोडला.

दिवा परत केला. काय मिळालं? कार्ट्यानं विचारलं.
तुझ्या वाटणीचं काही नाही, म्हटलं.

येताना दुकानातून एक छोटा दिवा घेतला,
रात्रभर प्लगमध्ये जळणारा, नखाएवढा.
झोपायच्या खोलीत लावला, कडीच्या बरोबर खाली.
पिपार्सला हल्ली अंधारात दिसत नाही, म्हटलं.

इमान्त्स बघत राहिला दिव्याकडे.
बरं केलंस, म्हणाला,
बिचारा धडपडायचा.